खाडीपलीकडचे गाव आणि त्याची भाषा

अंबाजोगाईच्या आसपासचा शेतकरी घमेल्यात माती भरतो, बादलीने जनावरांना पाणी पाजतो, मोंढ्यात मालाचा लिलाव होताना उभा राहतो आणि साखर कारखान्यावर कामाला असलेल्या मुलाच्या पगाराची वाट पाहतो. घमेले, बादली, लिलाव आणि पगार हे चारही शब्द पोर्तुगीज. चावी, पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, इस्त्री, बिजागरी हेही त्याच घरचे. बालाघाटाच्या डोंगरावर पोर्तुगीजांचे राज्य कधीच नव्हते. आमच्याकडे निजामशाही होती, मोगल होते, हैदराबादचे निजाम होते. तरीही हे शब्द कोकण किनाऱ्यावरून घाट चढून, हातोहात आमच्या गोठ्यापर्यंत आले आणि मराठी होऊन गेले.

शब्द असे सुटे सुटे प्रवास करतात. पण त्याच किनाऱ्यावर एका ठिकाणी शब्द नव्हे, एक आख्खी भाषा राहिली. तिला आणणारे निघून गेले, त्यांचे किल्ले पडले, चर्चच्या भिंतींवर पिंपळ उगवले, तरी भाषा राहिली. ती सांभाळली कोण्या पंडितांनी नाही की सरदारांनी नाही, भात लावणाऱ्या शेतकऱ्यांनी सांभाळली. रायगड जिल्ह्यातल्या मुरूड तालुक्यातले कोर्लई हे ते गाव. तिथले ख्रिस्ती लोक आपल्या भाषेला ‘नो लिंग’ म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच : आमची भाषा.

मी भाषाशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. गावातल्या मठांची, बारवांची आणि शिलालेखांची टिपणे काढता काढता पंचविशीपासून हा नाद लागला. अंबाजोगाईचा अभ्यास करणाऱ्याला कोकण टाळता येत नाही. योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. लग्नाचे वऱ्हाड घेऊन देवी कोकणातून निघाली, परळीच्या वैद्यनाथाशी लागायचे लग्न मुहूर्त टळल्याने राहिले आणि वऱ्हाड दगडाचे झाले, ही कथा आमच्याकडे लहान पोरही सांगते. दासोपंतही इथले नव्हेत, ते नारायणपेठेहून आले. बाहेरून आलेले देव आणि बाहेरून आलेले संत यांनीच आमचे गाव घडवले. त्यामुळे ‘आलेले लोक गाव कसे वसवतात आणि मग इथले कसे होतात’ हा प्रश्न मला घरचाच वाटतो. कोकणाच्या जुन्या बंदरांविषयी वाचताना गर्सन द कुन्हा या गोमंतकीय डॉक्टर-संशोधकाचे चौल आणि वसईवरचे १८७६ सालचे पुस्तक हाती आले, आणि त्यातून चौलच्या खाडीपलीकडचे कोर्लई मनात रुतून बसले.

चौलचे बंदर

कोर्लईची गोष्ट चौलपासून सुरू होते. चौल हे पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्वांत जुन्या बंदरांपैकी एक. ग्रीक नाविकांच्या आणि तोलेमीच्या लेखनात ते सिमुल्ल किंवा त्यासारख्या नावाने येते. अरब प्रवासी अल् मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी इथे आला. त्याच्या लेखनात त्याचे नाव सैमूर. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन भारतात उतरला तो चौललाच. म्हणजे पोर्तुगीज आले तेव्हा हा किनारा परक्यांना काही नवा नव्हता.

पोर्तुगीजांची चौलशी पहिली मोठी ओळख रक्ताची. १५०८ मध्ये चौलच्या पाण्यात इजिप्तच्या मामलूक सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी मिळून त्यांचा पराभव केला. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मैदा मारला गेला. पुढे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी कुंडलिकेच्या मुखाशी, आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधायला घेतला. वरचे चौल निजामशहाचे आणि खालचे चौल पोर्तुगीजांचे, असे एका बंदराचे दोन भाग झाले. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने रेवदंड्याला मोठा वेढा घातला, पण किल्ला पडला नाही.

रेवदंड्याच्या समोर, खाडीच्या दक्षिण तीरावर, समुद्रात घुसलेली एक लांबट टेकडी आहे. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती खाडीचे तोंड. १५९४ मध्ये निजामशहाने तिच्यावर किल्ला उभारून तोफा रेवदंड्याकडे वळवल्या, तेव्हा पोर्तुगीजांनी हल्ला करून टेकडी जिंकली. लढाईत एक जखमी हत्ती दरवाजातच पडला, दरवाजा लावता येईना आणि त्या फटीतून पोर्तुगीज आत शिरले, असे सांगतात. त्या टेकडीवर त्यांनी बांधलेली तटबंदी आजही उभी आहे. हाच कोर्लईचा किल्ला. गाव त्याच्या पायथ्याशी आहे.

कोण आले, कोण मिळाले

‘पोर्तुगीज आले’ असे आपण सहज म्हणतो. पण कोण आले, हे पाहिले पाहिजे. आले ते सैनिक, खलाशी, कारकून, व्यापारी आणि पाद्री. बायका जवळजवळ आल्याच नाहीत. आफोन्सो द आल्बुकर्कने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आपल्या माणसांना स्थानिक स्त्रियांशी लग्ने करायला उत्तेजन दिले. अशा लग्न करून स्थायिक झालेल्यांना ‘काझादु’ म्हणजे विवाहित म्हणत. सोल्दादु, म्हणजे बिनलग्नाचा सैनिक, आज इथे तर उद्या मलाक्केला. काझादुला मात्र घर, बायको, पोरे आणि बाग. राज्य टिकवायचे तर काझादु पाहिजे, हे आल्बुकर्कने ओळखले होते.

या घरांत नोकरचाकर होते, आफ्रिकेच्या आणि इतर किनाऱ्यांवरून आणलेले गुलाम होते. किल्ल्याच्या आसऱ्याने राहणारे नव्याने ख्रिस्ती झालेले स्थानिक लोकही होते, आणि त्यांतले बहुतेक समाजाच्या खालच्या थरांतले होते. नवरा पोर्तुगीज बोलणारा, बायको इथली, दाई आणखी कुठली, शेजारी वेगळ्याच जातीतून आलेला. अशा वस्तीत मुलांची भाषा कोणती होणार?

जगात जिथे जिथे अशी सरमिसळ झाली, तिथे नवी भाषा जन्मली. अभ्यासक तिला क्रिओल म्हणतात. शब्द बहुतेक सत्ताधाऱ्यांच्या भाषेतले, पण त्यांची बांधणी नव्याने केलेली, आणि ती मुलांची मातृभाषा झालेली. पोर्तुगीज क्रिओल दमणला होती, दीवला होती, कोचीनला होती, श्रीलंकेत बट्टिकलोआला आणि मलाक्केलाही होती. दमणपासून चौलपर्यंतच्या पट्ट्याला पोर्तुगीज ‘नोर्ती’, म्हणजे उत्तर प्रांत, म्हणत. गोव्याच्या उत्तरेला तो होता म्हणून. या उत्तर प्रांतातही अशी भाषा बोलली जाई. चौलची बोली हा तिचाच एक फाटा.

म्हणून कोर्लईकरांना ‘पोर्तुगीजांचे वंशज’ म्हणून सोडून देणे मला अपुरे वाटते. पोर्तुगालची माणसे मूठभर होती. आया इथल्या होत्या, शेजारी इथले होते. या गावाच्या मूळपुरुषांमध्ये परदेशातून आलेले थोडे आणि आपल्याच समाजातून बाहेर पडून नव्या धर्मात आलेले पुष्कळ. दोघेही स्थलांतरितच म्हणायचे. एकाने समुद्र ओलांडला आणि दुसऱ्याने जात ओलांडली. त्या काळात दुसरा प्रवास पहिल्याहून लांबचा होता, आणि त्यातून परतीचे जहाज मिळत नसे.

राज्य गेले, शेत राहिले

१७३७ पासून चिमाजी अप्पांनी उत्तर कोकणात मोहीम चालवली. मे १७३९ मध्ये वसई पडली. पाठोपाठ रेवदंडा आणि कोर्लई यांना मराठ्यांनी आवळले, आणि १७४० मध्ये तहाने चौल मराठ्यांच्या ताब्यात आले. सव्वादोनशे वर्षांचा पोर्तुगीज अंमल संपला. ज्यांना जाणे शक्य होते ते गोव्याला गेले. त्यांत अधिकारी, श्रीमंत काझादु, मठांतले धर्मगुरू होते. रेवदंड्याचे भव्य मठ आणि चर्च ओस पडले. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्यांतून उभा असलेला सातखणी बुरूज हा एका चर्चचाच मनोरा.

मागे राहिले ते गरीब. त्यांना गोव्यात कोणी विचारणारे नव्हते आणि इथे जमिनीचा तुकडा होता. खाडीच्या दक्षिणेला, किल्ल्याच्या पायथ्याशी, ही ख्रिस्ती वस्ती राहिली. माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च हे तिचे केंद्र. पावसाळ्यात भात, नंतर त्याच ओलीवर वाल किंवा भाजीपाला, जोडीला मजुरी, हा तिचा व्यवसाय. मराठेशाहीने त्यांच्या धर्माला हात लावला नाही. पुढे इंग्रज आले. राज्यांची ही उलथापालथ होत असताना गावातल्या माणसांचे रोजचे बोलणे बदलले नाही. पोर्तुगालशी धागा तुटल्यावर तब्बल पावणेतीनशे वर्षे ही भाषा आईकडून मुलाकडे जात राहिली.

हे घडले कसे? उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. कोर्लईच्या शेजाऱ्यांकडे पाहिले तरी पुरते.

तीन शेजारी, तीन वाटा

चौल-अलिबागच्याच किनाऱ्यावर आणखी एक स्थलांतरित समाज आहे : बेने इस्राएल. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, असे ते परंपरेने सांगतात. अष्टागराच्या गावागावांत ते पसरले, तेलाचा घाणा चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, अशी त्यांची आडनावेही गावांवरून पडली. रेवदंड्यात त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. त्यांनी शब्बाथ सांभाळला, सुंता सांभाळली, खाण्याचे नियम सांभाळले, पण भाषा मराठीच घेतली. इतकी की एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तने केली, आणि इस्राएलला गेल्यावरही कित्येक घरांत मराठी टिकली.

दुसरे शेजारी वसई-साष्टीचे ख्रिस्ती. तेही पोर्तुगीजांच्याच काळात ख्रिस्ती झाले. त्यांच्या प्रार्थनेत, आडनावांत, खाण्यापिण्यात पोर्तुगीज छाया आहे. पण त्यांची घरची भाषा मराठीच्याच बोली. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, तरी ओवी आणि लग्नगीत मराठीतलेच राहिले. वसई-वांद्रे भागात थोड्या लोकांत उत्तर प्रांताची ती क्रिओल होती. सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो या गोमंतकीय धर्मगुरू-भाषापंडिताने १९०६ मध्ये तिच्यावर लिहून ठेवले. पुढे ती मराठीत आणि इंग्रजीत विरून गेली.

तिसरे कोर्लईकर. त्यांनी धर्मही ठेवला आणि भाषाही ठेवली.

हा फरक भक्तीच्या किंवा अभिमानाच्या कमीजास्तपणाचा नाही. मला तो जगण्याच्या रीतीतला वाटतो. घाणा चालवणारा एकेका गावात एक-दोन घरांनी राहतो. त्याला गिऱ्हाइकाची भाषा बोलावीच लागते. शंभर गावांत विखुरलेल्या समाजाला आपली वेगळी बोली सांभाळता येत नाही. वसईत उलट घडले. तिथे गावेच्या गावे ख्रिस्ती झाली आणि ती येताना आपली भाषा घेऊन आली. अख्ख्या आळीला एकच बोली येत असताना नवी कशाला हवी? पाद्र्यांनीही ते ओळखले होते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले ते मराठी ओव्यांत. १६१६ मध्ये राचोलला ते छापले गेले. ज्या भाषेत लोक देवाशी बोलतात, त्याच भाषेत त्यांना ख्रिस्त सांगायचा, हा त्यामागचा विचार.

कोर्लईला यातले काहीच नव्हते. वस्ती लहान, एकाच जागी, आणि वेगवेगळ्या मुळांची माणसे एकत्र आलेली. त्यांना एकत्र बांधणारी भाषा म्हणजे किल्ल्याच्या छायेत तयार झालेली हीच क्रिओल. शेतीमुळे पाय एका जागी रुतले. लग्ने आपल्यातच होऊ लागली. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांशी बाजारहाट होता, पण रोटीबेटी नव्हती. आणि आणखी एक गोष्ट : हे लोक मुळात खालच्या जातींतले, वर धर्म बदललेले. म्हणजे शेजाऱ्यांच्या लेखी ते दोनदा बाहेरचे. अमेरिकन अभ्यासक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेचा सविस्तर अभ्यास करून १९९६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनीही भाषा टिकण्यामागे हा एकाकीपणाच मुख्य मानला आहे. एका बाजूला जातीची भिंत, दुसऱ्या बाजूला धर्माची, तिसरीकडे खाडी आणि चौथीकडे समुद्र.

म्हणजे ‘नो लिंग’ टिकली ती भिंतींमुळे. पुढच्या सगळ्या विवेचनाची गाठ इथेच आहे.

क्रियापदांचा चौथा वर्ग

पण भिंतीला खिडक्याही होत्या. भाषेच्या पोटात शिरले की त्या दिसतात.

पोर्तुगीज क्रियापदांचे तीन वर्ग असतात. कोणाच्या शेवटी ‘आर’ येतो, कोणाच्या ‘एर’, कोणाच्या ‘ईर’. बहुतेक क्रिओल भाषा अशी वर्गवारी टाकून देतात आणि क्रियापदाचे एकच ठोकळेबाज रूप वापरतात. कोर्लईने ती टाकली नाही. शेवटचा ‘र’ गळाला, पण आ, ए, ई असे तिन्ही वर्ग राहिले. ‘काता’ म्हणजे गाणे, ‘बेबे’ म्हणजे पिणे, ‘इर्गी’ म्हणजे उठणे.

आता मराठी शेजाऱ्यांकडून आलेल्या क्रियापदांचे काय करायचे? कोर्लईकरांनी त्यांच्यासाठी चौथा वर्ग तयार केला, शेवटी ‘ऊ’ असलेला. मराठीतले ‘लोटणे’ तिथे ‘लोटू’ झाले. आणि एकदा ते या वर्गात बसले की बाकीच्या क्रियापदांसारखीच त्याची रूपे चालू लागली. पोर्तुगीज व्याकरणात हा वर्ग नाही. तो कोर्लईच्या अंगणात तयार झाला. शिकल्यासवरल्यांच्या सभेत नव्हे, तर बैल, होडी, गाडा लोटताना.

मला या एका उदाहरणात सगळ्या गावाचा इतिहास दिसतो. आलेल्याला घरात घ्यायचे कसे, याची ही रीत आहे. शब्दाला परका म्हणून दाराबाहेर उभे करायचे नाही आणि त्याचे मूळ रूप पुसून त्याला आपल्यातला म्हणून खपवायचेही नाही. त्याच्यासाठी घरात एक खोली बांधायची. आपण मराठी माणसांनी ‘लेइलांव’चा लिलाव केला, ‘गामेला’चे घमेले केले, आणि त्यांना थेट आपल्या नामांच्या रांगेत बसवले. कोर्लईने क्रियापदांसाठी व्याकरणातच जागा केली.

वाक्याच्या रचनेतही मराठीची सावली आहे. पोर्तुगीज वाक्यात कर्त्यानंतर क्रियापद येते आणि मग कर्म : मी खातो मासा. कोर्लईच्या बोलीत क्रियापद सरकत सरकत शेवटी आले, आपल्या वाक्यासारखे : मी मासा खातो. शब्द लिस्बनचे, पण वाक्याची चाल अष्टागराची. शेजाऱ्याच्या घरात लग्न न होऊनही त्याच्या वाक्यांशी सोयरीक झाली होती.

चर्च, शाळा आणि पूल

भिंती पडायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकात, आणि पहिली वीट चर्चमधून निघाली. रोममध्ये १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना करायला मुभा दिली. त्याआधी कोर्लईच्या धार्मिक जीवनात लॅटिन आणि पोर्तुगीज यांना मान होता. घरच्या बोलीची एक मोठी बहीण देवळात बसलेली होती, आणि त्यामुळे घरच्या बोलीलाही आधार होता. परिषदेनंतर ‘लोकांची भाषा’ म्हणून इथे मराठी आली. हेतू चांगला होता आणि सरकारदरबारी, शाळेत, बाजारात सगळीकडे चालणारी भाषा तीच होती. पण या गावच्या लोकांची घरातली भाषा ती नव्हती, हे त्यात सुटले.

शाळा मराठी. मुलगा सहा-सात तास मराठी लिहितो, वाचतो, भांडतो आणि खेळतो. पुढे ऐंशीच्या दशकात रेवदंडा आणि साळाव यांच्यामध्ये खाडीवर पूल झाला. त्याआधी तरीची वाट पाहावी लागे. आता अलिबागला एसटीने तासाभरात जाता येते. साळावला लोखंडाचा कारखाना आला, मुंबई जवळ आली, किल्ला पाहायला पर्यटक येऊ लागले. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास, तीही एकाच गावात. एवढ्याशा भाषेला एक पूल पुरतो.

मी कोर्लईला गेलो तेव्हा पाहिले ते असे : ओट्यावरची वडीलधारी माणसे आपसांत नो लिंग बोलत होती. मी जवळ जाताच सगळे एका श्वासात मराठीवर आले, आणि मराठीही अशी स्वच्छ की माझ्याच बोलण्यातला मराठवाडी हेल मला जाणवला. त्यांच्या दृष्टीने ते सौजन्य होते. पाहुण्याला न समजेल असे बोलायचे नाही. पण अशा सौजन्यानेच लहान भाषा झिजतात. घरात सून आली जिला ती बोली येत नाही, की सगळे घर तिच्यासाठी मराठीवर येते. मुले मग तेवढेच ऐकतात.

केरळात कोचीनजवळच्या व्हायपीन बेटावर अशीच पोर्तुगीज क्रिओल होती. तिचा अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस २०१० मध्ये वारला. भाषा एका दिवशी मरत नाही, पण तिची मोजदाद मात्र कधीतरी एका माणसावर येऊन थांबते. कोर्लई अजून त्या टोकाला नाही. तिथे अजून घरे आहेत, अंगणे आहेत, वाद घालणारी माणसे आहेत. म्हणूनच बोलायचे ते आता.

भिंतीशिवाय

इथे एक अडचण मोकळेपणाने मांडली पाहिजे. ही भाषा जातिभेदाने, परकेपणाने आणि गरिबीने टिकवली. त्या भिंती पडल्या हे चांगलेच झाले. कोर्लईच्या मुलीला अलिबागला कॉलेजात जाता येते, कोणत्याही घरात बसून चहा घेता येतो, ही किंमत देऊन कोणी भाषा वाचवा म्हणू लागला तर त्याला नकोच म्हणावे लागेल. आपल्या अभ्यासाच्या सोयीसाठी दुसऱ्याने मागास राहावे, ही अपेक्षा संशोधकाला शोभत नाही.

मग प्रश्न उरतो तो हा : भिंतीशिवाय लहान भाषा जगू शकते का?

आपल्यासमोर एक उदाहरण आपलेच आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला गेलेल्या मराठी घरांनी तमिळ मुलखात आपली मराठी आजवर बोलती ठेवली. तीत तमिळ शिरली, क्रियापदांची रूपे बदलली, उच्चार बदलले. आपण पुण्या-मुंबईत ती ऐकून गहिवरतो आणि लेख लिहितो. पण ती टिकायला राजाश्रय होता, सरस्वती महालासारखे ग्रंथालय होते, मोडी दप्तरे होती. कोर्लईकरांजवळ यांतले काहीच नव्हते. तंजावरच्या मराठीबद्दल आपल्याला जे वाटते, तेच कोर्लईच्या बोलीबद्दल वाटायला काय हरकत आहे? ती परकी म्हणावी तर तिच्या क्रियापदांत मराठी आहे. ती आपली नाही म्हणावे तर ती बोलणारे आपल्याच सातबाऱ्यावर आहेत.

कायद्याने पाहिले तर राज्यघटनेच्या २९ व्या कलमाने प्रत्येक समूहाला आपली भाषा जतन करण्याचा हक्क दिला आहे, आणि ३५०-क कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून सोयी करायला राज्यांना सांगितले आहे. पण जनगणनेच्या भाषावार तक्त्यांत दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषा स्वतंत्रपणे दाखवल्याच जात नाहीत. हजारभर लोकांची भाषा कागदावर ‘इतर’ होते. जी मोजलीच जात नाही, तिच्यासाठी पाठ्यपुस्तक कोण मागणार?

तेव्हा सरकारची वाट पाहण्यापेक्षा साध्या गोष्टींनी सुरुवात करता येईल. या भाषेवरचे बहुतेक लेखन इंग्रजीत आणि पोर्तुगीजमध्ये आहे. ते कोर्लईच्या घरांत वाचले जात नाही. मराठीत, देवनागरी लिपीत, एक लहानसा शब्दसंग्रह हवा. भाताच्या जाती, पेरणी-लावणी-कापणीचे शब्द, माशांची नावे, नात्यांची नावे, मुलांची अंगाईगीते, लग्नातली गाणी, सणातले पदार्थ यांचा. तो बाहेरच्या माणसाने नव्हे, गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींनी करावा. अलिबाग परिसरातल्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून त्यांना हाताशी धरावे. आजीचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला आता पैसेही लागत नाहीत. शाळेत आठवड्याला एक तास ‘आमची भाषा’ म्हणून मुलांना घरची गोष्ट सांगू दिली, तरी मुलाला कळेल की घरात बोलतो ती भाषा म्हणजे बिघडलेली पोर्तुगीज नव्हे आणि मोडकी मराठीही नव्हे.

हे मी मुद्दाम अंबाजोगाईहून लिहितो आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ आमच्या गावी रचला गेला अशी परंपरा आहे. मराठीतल्या पहिल्या ग्रंथांत त्याची गणना होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. पण ज्या भाषेला अभिजातपण मिळाले तिच्या अंगणात किती लहान भाषा नांदतात, हेही आता मोजले पाहिजे. कोलामी आहे, कोरकू आहे, माडिया आहे आणि समुद्राच्या काठावर ही नो लिंग आहे. मोठ्या भाषेची श्रीमंती तिच्या शेजारी कोण सुखाने राहते यावरूनही ठरते.

कोर्लईने आपल्या व्याकरणात आपल्यासाठी चौथा वर्ग केला. आपल्याकडून शब्द घेतले, वाक्याचा क्रम घेतला, आणि हे करताना आपले वेगळेपणही सोडले नाही. आपल्या शाळेत, आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांत आणि आपल्या कोशांत त्या भाषेसाठी एक खोली बांधणे आता आपल्याकडे लागते. किल्ल्याची डागडुजी पुरातत्त्व खाते कधी ना कधी करील. पायथ्याच्या वस्तीतल्या बोलीची डागडुजी मात्र बोलणाऱ्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनीच करायची असते.